खत, वही आणि बोली : 1875 च्या उठावाची भाषिक बाजू

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे पेटलेला सावकारविरोधी उठाव थोड्याच दिवसांत अहमदनगर (आजचा अहिल्यानगर) जिल्ह्यात पसरला. पारनेर, श्रीगोंदे, नगर आणि कर्जत हे तालुके त्यात सापडले. दोन्ही जिल्ह्यांत मिळून 951 जणांना अटक झाली. त्यांपैकी 392 नगर जिल्ह्यातील होते. या उठावाची आर्थिक मीमांसा पुष्कळ झाली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला चढलेला भाव, युद्ध संपताच झालेली त्याची घसरण आणि 1867 नंतरची सारावाढ ही कारणे आता पाठ्यपुस्तकांतही रुळली आहेत. त्यांपैकी कोणत्या कारणाला किती वजन द्यावे याविषयी अभ्यासकांत एकवाक्यता नाही. एका गोष्टीविषयी मात्र वाद नाही. जमावाला हवे होते ते कागद. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने आपल्या अहवालात नोंदवले की, कर्जरोखे आणि हुकूमनामे हस्तगत करून नष्ट करणे हाच जवळजवळ प्रत्येक ठिकाणी जमावाचा हेतू होता, आणि जेथे सावकाराने ते निमूटपणे स्वाधीन केले तेथे बहुधा पुढे काही घडले नाही. निरक्षरांच्या जमावाने लेखनावर केलेला हा हल्ला होता. तो समजून घ्यायचा तर ते लेखन कोणत्या भाषांतून आणि लिप्यांतून सिद्ध होत असे, हे पाहणे प्राप्त आहे.

व्यवहाराची बोलणी मराठीत होत, आणि तीही त्या त्या गावच्या बोलीत. मारवाडातून येणारा तरुण सहसा भांडवल घेऊन येत नसे. आधीच येऊन स्थिरावलेल्या नात्यागोत्यातील दुकानदाराकडे तो गुमास्ता म्हणून राही, तेथेच मराठी शिके आणि मग स्वतःचे दुकान मांडी. घरात मारवाडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि दूरच्या पेढ्यांशी हुंडीची भाषा अशी त्याच्या दिवसाची वाटणी असे. पुढे मराठी फार्सांनी आणि विनोदी लेखनाने त्याच्या मोडक्या मराठीची यथेच्छ टिंगल केली, ‘मारवाडी’ हा शब्द तर कंजूषपणाचा पर्यायच होऊन बसला. त्या टिंगलीत एक आत्मवंचनाही आहे. शेतकरी मारवाडी शिकला नाही. परक्याची भाषा शिकण्याचे कष्ट मारवाड्यानेच घेतले होते, आणि बाजारात त्या कष्टांचे मोल होते.

बोलणी संपली की मजकूर खतात उतरे. खत मराठीत, परंतु मोडी लिपीत. ते लिहिणारा बहुधा गावचा कुलकर्णी किंवा कोणी कारकून. या मराठीचे घराणे जुने. नगर शहरातून निजामशाहीचा कारभार चाले तेव्हा दरबारात फारसी आणि हिशेबात मराठी अशी जोडी होती. त्या शेजारातून आलेले वसूल, बाकी, जामीन, रुजू, दस्तऐवज हे शब्द एकोणिसाव्या शतकातही खताचा कणा होते. ते शब्द शेतकऱ्याच्या कानाला परके नव्हते. सारा भरताना तो ते ऐकतच आलेला होता. परंतु शब्द ओळखीचा असणे आणि तो कोणत्या कलमात, कोणत्या आकड्याशेजारी बसला आहे हे कळणे, यांत अंतर आहे. खताच्या अखेरीस तो नांगराची निशाणी करी. ही निशाणी म्हणजे त्याचे त्या संहितेतील एकमेव लेखन. उरलेला सर्व मजकूर प्रथमपुरुषी, जणू त्याच्याच तोंडचा: ‘मी घेतले’, ‘मी देईन’. त्यातले एक वाक्यही त्याने रचलेले नसे.

तिसरा टप्पा सावकाराच्या वहीचा. तिची लिपी महाजनी वळणाची, शिरोरेघ नसलेली, काना-मात्रांना फारसे न जुमानणारी. ‘काका अजमेर गेले’ हे ‘काका आज मेले’ असे वाचले गेल्याची गोष्ट व्यापाऱ्यांनी स्वतःवरच रचलेली आहे. पेढीच्या आत ही संदिग्धता चालून जाई, कारण वाचणाऱ्याला संदर्भ ठाऊक असे. पेढीबाहेरच्या माणसाला मात्र ती वही मुकी. दिलेले धान्य जमेला धरले की नाही, हे कुळाला वहीवरून कळण्याचा मार्गच नव्हता.

यावर कळस चढवला इंग्रजी कायद्याने. 1859 च्या मुदतीच्या कायद्याने साध्या रोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवे खत लिहिले जाऊ लागले. जुन्या खतातील मूळ बोलणी प्रत्येक नकलेसरशी अधिक पुसट होई. न्यायालय शेवटचा कागद प्रमाण मानी. प्रतिवादी पुष्कळदा हजरच राहत नसे, आणि एकतर्फी हुकूमनामा निघे.

सारा दोष मग परप्रांतीयाच्या परक्या लिपीचा म्हणावा काय? जमावाने काहीसे तसेच मानलेले दिसते. जेथे ब्राह्मण आणि मारवाडी दोघेही सावकारी करीत तेथे सहसा मारवाड्यालाच उपद्रव झाला, ही आयोगाची नोंद बोलकी आहे. परंतु ज्या खतावर न्यायालयात निकाल लागे ते तर मोडीत, मराठीत आणि स्थानिक कारकुनाच्या हातचे होते. रोष परक्यावर वळणे सोपे होते. आपल्या भाषेतली लेखणी आपल्याच विरुद्ध चालते, हे ओळखणे त्याहून अवघड. ते महात्मा फुल्यांनी ओळखले. 1883 च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये गुजर-मारवाडी सावकार येतात, पण फटका पोहोचतो तो कुलकर्ण्यापर्यंत आणि कचेरीतल्या कारकुनापर्यंत. मराठी समीक्षेने त्या ग्रंथाची भाषा ‘रांगडी’ ठरवून बाजूला सारली, तेव्हा कारकुनी मराठीवरील ही टीकाही तिच्या नजरेतून निसटली.

सरकारला ही अडचण आपल्या परीने उमगली होती. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी 1879 मध्ये झालेल्या कायद्याने शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, ते वाचून दाखवावे, वसुलीची पावती आणि हिशेबाचा उतारा मिळावा अशी तजवीज केली. याहून महत्त्वाचे म्हणजे, न्यायालयाने अखेरच्या कागदावर न थांबता व्यवहाराचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा, असेही त्यात सांगितले. लिखित शब्दामागे पुन्हा तोंडी हकिकत उभी करण्याचा हा प्रयत्न वसाहतकालीन कायद्यात अनोखाच म्हणावा लागेल.

सावकारांनी त्यालाही वाट काढली. कर्जाची भाषा तपासली जाते म्हटल्यावर काहींनी कर्जरोखाच टाळला आणि जमिनीचे खरेदीखत करून घेण्यास सुरुवात केली. पैसे फिटले की जमीन परत, हे ठरे ते केवळ तोंडी. असे खरेदीखत निबंधकासमोर रीतसर लिहिले जाई, मोठ्याने वाचून दाखवले जाई, शेतकऱ्याला त्यातला शब्द न् शब्द कळे. आणि प्रत्यक्षात झालेला करार मात्र त्या खतात कोठेच नसे.