स्टॅम्प : एक इंग्रजी शब्द, अनेक अर्थ आणि नाशिक

१/
नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर एखादा तास थांबले, तर ‘स्टॅम्प’ हा शब्द निरनिराळ्या अर्थांनी कानी पडतो. भाडेकराराला स्टॅम्प हवा, म्हणजे मुद्रांकित कागद. अर्जाला स्टॅम्प लावा, म्हणजे कोर्ट फीचे चिकटवायचे तिकीट. साहेबांचा स्टॅम्प राहिला, म्हणजे रबरी शिक्का. तेथून एखाद्या टपाल कार्यालयात गेल्यास मात्र हा शब्द मागे पडतो. तेथे मराठी माणूस ‘तिकीट’ मागतो. एकाच इंग्रजी शब्दाचे हे इतके अर्थ आले कोठून, आणि त्या सर्वांशी नाशिकचा इतका जवळचा संबंध का, याचा हा मागोवा.

२/
‘स्टॅम्प’चा सर्वांत जुना अर्थ कागदाशी संबंधित नाही. जर्मानिक भाषाकुळातील या शब्दाचा मूळ अर्थ कुटणे, ठेचणे, खलात घालून कांडणे असा होता. पुढे तो जोराने पाय आपटण्यासाठी वापरला जाऊ लागला. त्यानंतर धातूवर ठसा दाबून उमटवणे, मग तो उमटलेला ठसा आणि अखेरीस ठसा असलेला कागद, असा अर्थांचा प्रवास झाला. साऱ्या अर्थांत एक गोष्ट समान राहिली. वरून जोर येतो आणि खालच्या वस्तूवर कायमची खूण राहते.

३/
अशा खुणेचा एक विलक्षण पुरावा नाशिकच्याच परिसरात सापडला. १९०६ मध्ये गोदाकाठच्या जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. नाणी १३,००० हून अधिक होती आणि ती क्षहरात क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी सुमारे ९,००० नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता.

४/
गौतमीपुत्राने ही नाणी वितळवली नाहीत. नहपानाच्या मुखवट्यावरच त्याने आपली चैत्याची आणि तथाकथित उज्जयिनी चिन्हाची मुद्रा ठोकली. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा आजही डोकावतो. चांदी तीच, वजन तेच, बदलले ते फक्त नाव. तरीही बाजारात ते नाणे कोणाच्या शब्दावर चालणार, हे त्या एका आघाताने ठरले. पांडवलेणीतील तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या पुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे कोरलेले आहे. लेण्याने जे शब्दांत सांगितले, तेच नाण्याने एका ठशात सांगितले.

५/
पांडवलेणीच्या दहाव्या लेण्यात याच विषयाची दुसरी बाजू दिसते. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षुसंघासाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा १, तर १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मूळ रक्कम परत घ्यायची नाही, केवळ व्याज वापरायचे, अशी अट होती. हा व्यवहार निगमसभेत जाहीर करून रिवाजानुसार फलकावर नोंदवल्याचे लेखात म्हटले आहे.

६/
त्या काळी मुद्रांकित कागद नव्हता, परंतु त्याचे काम अस्तित्वात होते. व्यवहार चारचौघांसमोर सांगणे, त्याची नोंद ठेवणे आणि तो पुसता येणार नाही अशा जागी कोरणे, या तीन कृतींतून विश्वास उभा राहत असे. आजचा नोंदणीकृत दस्त याहून फार वेगळे काही करत नाही.

७/
मराठीत या कल्पनेसाठी शब्दांची कधी वाण नव्हती. ‘मुद्रा’ हा संस्कृत शब्द स्वतःच बहुअर्थी आहे. शिक्क्याची अंगठी, नाणे, नृत्यातील हस्तमुद्रा आणि चेहऱ्यावरची मुखमुद्रा, हे सारे त्यात सामावते. छपाईला ‘मुद्रण’ म्हणतात ते याच शब्दावरून. ‘शिक्का’ आला अरबी-फारसीतून, जेथे ‘सिक्का’ म्हणजे नाणे पाडण्याचा ठसा. ‘छाप’ या शब्दाने तर कमालच केली. कागदावर छापा, नाणेफेकीत छापा, पोलिसांचा छापा आणि माणसाच्या मनावर पडणारी छाप, हे सारे एकाच घरातले.

८/
मराठेशाहीच्या दफ्तरात शिक्का आणि मोर्तब या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पत्राच्या आरंभी धन्याचा वा अधिकाऱ्याचा मोठा शिक्का असे. त्यावरून पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले ते कळे. मजकूर संपताच लहान मोर्तब उमटवले जाई. येथे मर्यादा झाली, अशा अर्थाची अक्षरे त्यावर असत. मोर्तबाखाली कोणी एखादी ओळ घुसवली, तर ती आपोआप खोटी ठरे. एक शिक्का पत्राचा धनी सांगणारा, दुसरा पत्राचा शेवट सांगणारा. आज आपण एखाद्या निर्णयावर ‘शिक्कामोर्तब झाले’ असे सहज म्हणतो, त्यामागे दफ्तरातील ही दुहेरी खबरदारी आहे.

९/
युरोपात या कल्पनेला करवसुलीची जोड मिळाली. १६२४ मध्ये हॉलंडमध्ये मुद्रांकित कागद आला आणि १६९४ मध्ये इंग्लंडने तो उचलला. युक्ती साधी होती. सरकारी ठसा असलेल्या कागदावर दस्त लिहिलेला नसेल, तर न्यायालय त्याची दखल घेणार नाही. वसुलीसाठी दारोदार शिपाई पाठवण्याची गरजच उरली नाही, लोक स्वतःहून कागद विकत घेऊ लागले. हाच कर १७६५ मध्ये अमेरिकेतील वसाहतींवर लादला, तेव्हा एवढा असंतोष उसळला की पुढच्याच वर्षी कायदा मागे घ्यावा लागला. बंगालमध्ये कंपनी सरकारने १७९७ च्या विनियमाने मुद्रांक शुल्क सुरू केले. पुढे अनेक कायदे झाले आणि १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम आला. महाराष्ट्रात आज मुंबई राज्याचा १९५८ चा अधिनियम नव्या नावाने लागू आहे.

१०/
हा कागद दख्खनच्या शेतकऱ्याच्या घरी पोहोचला तो सावकाराच्या हातून. कुणबी निरक्षर असे. कर्जरोख्यावर तो सहीऐवजी नांगराची निशाणी करी. रोख्यात काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नसे, पण न्यायालयात तोच कागद बोलत असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला आणि तो नाशिकला लागून असलेल्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरला. जमावाचा रोख प्रामुख्याने माणसांवर नव्हता, तो कागदांवर होता. रोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी करण्यात आली.

११/
या दंग्यांनंतर १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा झाला. शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा, त्याला तो समजावून सांगितला जावा, अशी तजवीज त्यात होती. शिक्का कागदाला बळ देतो. मात्र ते बळ कोणाच्या बाजूने उभे राहते, हे कागद कोणाला वाचता येतो यावर अवलंबून असते. सुप्याच्या जमावाला हे अनुभवाने ठाऊक होते.

१२/
दरम्यान ‘स्टॅम्प’ला आणखी एक अर्थ चिकटला होता, आणि तोही शब्दशः. मे १८४० मध्ये ब्रिटनमध्ये ‘पेनी ब्लॅक’ चलनात आले. ठसा थेट टपालावर मारण्याऐवजी आधीच छापलेला चिटोरा विकत घेऊन चिकटवायचा, ही त्यातील नवी कल्पना. आशियात तिचा पहिला अवलंब १८५२ मध्ये सिंधमध्ये बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत झाला. १ ऑक्टोबर १८५४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानात अंतर कितीही असले तरी हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर लागू झाला.

१३/
मराठी माणसाने या चिटोऱ्याला ‘स्टॅम्प’ म्हटले नाही, ‘तिकीट’ म्हटले. वरवर ही गफलत वाटते. परंतु ‘तिकीट’चे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘एस्तिकेत’ या शब्दात आहे. चिकटवणे, डकवणे या अर्थाच्या क्रियापदापासून तो आला आहे. तिकीट म्हणजे मुळात डकवलेली चिठ्ठी. इंग्रजीने चिकटवण्याच्या कागदाला ठोकण्याचा शब्द दिला. मराठीने नकळत चिकटवण्याचाच शब्द निवडला. रेव्हेन्यू तिकीट, पोस्टाचे तिकीट हे प्रयोग म्हणूनच अगदी चपखल आहेत.

१४/
१८५५ पासून हिंदुस्थानची बहुतेक टपाल तिकिटे लंडनच्या ‘दे ला रू’ या कंपनीत छापली जात. ही व्यवस्था सुमारे सात दशके चालली. १९२५ मध्ये नाशिक रोड येथे इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२६ पासून तिकिटे येथे छापली जाऊ लागली. १९२८ मध्ये शेजारीच करन्सी नोट प्रेस सुरू झाली. तिची पहिली नोट ५ रुपयांची होती. टपाल तिकीट, मुद्रांकित कागद, कोर्ट फी तिकीट, पुढे पासपोर्ट, असे सरकारी विश्वासाचे नाना प्रकार एका गावात तयार होऊ लागले. नाशिककरांच्या तोंडी ‘प्रेस’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाचा अर्थ वर्तमानपत्र नसून हाच कारखाना असतो.

१५/
येथून निघालेल्या तिकिटांत देशाचा इतिहास वाचता येतो. १९२९ मध्ये हवाई टपालाची तिकिटे आली, १९३१ मध्ये नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सचित्र मालिका निघाली. २१ नोव्हेंबर १९४७ रोजी स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट आले. साडेतीन आण्यांच्या त्या तिकिटावर तिरंगा होता आणि देवनागरीत ‘जय हिंद’ ही अक्षरे होती. १५ ऑगस्ट १९४८ ची गांधीजींची तिकिटे मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापून घेण्यात आली. स्वदेशीच्या पुरस्कर्त्याचे तिकीट परदेशी छापखान्यातले, ही विसंगती तंत्राच्या मर्यादेतून आली होती. ती उणीव लवकरच भरून निघाली. १९५२ मध्ये कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि टागोर यांची मालिका फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीने नाशिकमध्येच छापली गेली.

१६/
ज्या ठशावर सर्वांचा विश्वास असतो, त्याची नक्कल करण्याचा मोहही तितकाच मोठा असतो. विशाखदत्ताचे ‘मुद्राराक्षस’ हे नाटक याच मोहावर उभे आहे. अमात्य राक्षसाची मुद्रा चाणक्याच्या हाती लागते, तिने एक बनावट पत्र मुद्रित होते आणि त्या पत्राने राजकारण फिरते. हेतू परक्याचा, तरी मुद्रा खरी. म्हणूनच तो घात यशस्वी होतो.

१७/
नाशिकच्या वाट्याला हा प्रसंग आधुनिक रूपात आला. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा अब्दुल करीम तेलगी याने १९९४ मध्ये मुद्रांक विक्रीचा परवाना मिळवला आणि पुढे बनावट मुद्रांकांचे जाळे अनेक राज्यांत पसरवले. नाशिकच्या मुद्रणालयाने मोडीत काढलेली यंत्रसामग्री त्याच्या हाती पोहोचल्याचे तपासात पुढे आले. नोव्हेंबर २००१ मध्ये त्याला अजमेर येथे अटक झाली, पुढे शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये शिक्षा भोगत असतानाच बंगळुरूत त्याचा मृत्यू झाला. याच प्रकरणातील नाशिकच्या एका खटल्यात मात्र २०१८ च्या अखेरीस न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना निर्दोष ठरवले. त्यांत दिवंगत तेलगीचाही समावेश होता.

१८/
या घोटाळ्यात सरकारचा महसूल बुडाला, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू सामान्य माणसाची आहे. आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्याला आपल्या खरेदीखताचा कागद खरा की खोटा हे पाहून ओळखता येत नव्हते. १८७५ च्या कुणब्याला रोखा वाचता येत नव्हता. २००१ च्या सुशिक्षित ग्राहकाला मजकूर वाचता येत होता, पण शिक्का पारखता येत नव्हता. सव्वाशे वर्षांनंतरही दोघांची असहायता एकाच जातीची होती.

१९/
त्यानंतर फ्रँकिंग, बँकेमार्फत शुल्कभरणा आणि इलेक्ट्रॉनिक मुद्रांक यांचा वापर वाढला. आता बऱ्याच दस्तांचे मुद्रांक शुल्क एका क्रमांकाच्या रूपाने नोंदवले जाते. तो क्रमांक संकेतस्थळावर पडताळता येतो. ठोकणे गेले, चिकटवणेही मागे पडत आहे. शब्द मात्र ‘ई-स्टॅम्प’ म्हणून टिकून आहे. उषवदाताच्या फलकाप्रमाणेच ही पुन्हा नोंद आहे, कोणालाही तपासून पाहता यावी अशा जागी ठेवलेली.

२०/
कांडणे, पाय आपटणे, नाणे पाडणे, कर घेणे, पत्र पाठवणे, मंजुरी देणे. इंग्रजीने हे सारे एका शब्दात कोंबले. मराठीने त्यासाठी शिक्का, मोर्तब, मुद्रा, छाप, तिकीट असे निरनिराळे शब्द राखले आणि शेवटी ‘स्टॅम्प’लाही घरात घेतले. नाशिकच्या एका तालुक्यात नहपानाच्या चेहऱ्यावर ठोकलेली नाणी सापडतात आणि नाशिक रोडला आजही देशाचे पासपोर्ट छापले जातात. दोन्ही ठिकाणी साधन बदलले आहे, प्रश्न तोच आहे : हा शब्द कोणाचा, आणि तो पाळला जाईल का? ठसा या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर देतो. दुसऱ्या भागाचे उत्तर ठसा मारणाऱ्या हातालाच द्यावे लागते.

(समाप्त)