तांब्याच्या पत्र्यावरचे पंडित

सतराव्या शतकातल्या हॉलंडमध्ये विद्वानाचा ग्रंथ उघडला की पहिल्या पानांत बहुधा त्याचाच चेहरा भेटे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, लंबगोल चौकटीतला. कडेने लॅटिनमध्ये नाव आणि वय, खाली स्तुतीच्या ओळी, हाताशी एखादे पुस्तक. लायडन विद्यापीठाच्या (स्थापना १५७५) प्राध्यापकांचे असे चेहरे योहानेस मेर्सियस याने १६२५ मध्ये 'अथेने बाटावे' या ग्रंथात चरित्रांसह छापले. तैलचित्र एका भिंतीवर राही. छापील चित्राच्या प्रती गावोगावच्या विद्वानांच्या संग्रहात जाऊन बसत. घराण्याचा वारसा नसलेल्या पंडिताला मान मिळवून देणारा हा मार्ग स्वस्तही होता.

हॉलंडमधल्याच छापखान्यांतून तीन कोकणी वैद्यांची विद्वत्ता युरोपात पोचली, पण चेहऱ्याविना. पोर्तुगीज अमलात गोव्यातली बरीच सारस्वत घराणी दक्षिणेला कोचीनकडे गेली. कोचीनचे रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट यांनी डच कमांडर हेन्ड्रिक व्हान रीड याला मलबारातल्या वनस्पतींची माहिती दिली. त्यातून 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये निघाला.

पहिल्या खंडाच्या दर्शनी चित्रात वनस्पतिविद्येची देवी बसली आहे आणि तिच्यापुढे कुंड्या घेऊन गुडघे टेकलेली देशी माणसे आहेत. त्यांना नावे नाहीत. नावे आहेत ती आतल्या साक्षीपत्रावर: एप्रिल १६७५ मध्ये या तिघांनी कोकणीत, नागरी लिपीत लिहून दिलेल्या मजकुरावर. नागरीचे खिळे तिथे नव्हते, म्हणून तो मजकूर पत्र्यावर कोरून, शेजारी लॅटिन भाषांतर देऊन छापला. कोरणाऱ्याला लिपी वाचता येण्याचा संभव कमीच. शिवाय छाप सुलट उमटावा म्हणून पत्र्यावर अक्षरे उलटी काढावी लागत. मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांची साक्षही त्यांच्या लिपीतच आहे.

डच प्राध्यापकाच्या शब्दाला त्याच्या चेहऱ्याचे वजन असे. इथे ते काम हस्ताक्षराने केले. माहिती ऐकीव नाही, जाणकारांनी तपासलेली आहे, हे युरोपातल्या वाचकाला पटवणे व्हान रीडला भाग होते. त्यामुळेच वनस्पतींच्या चित्रांवरही लॅटिनसोबत मल्याळी, अरबी आणि नागरी नावे कोरली गेली. ॲम्स्टरडॅममध्येच १६६७ साली किर्चर या विद्वानाच्या चीनविषयक ग्रंथात नागरी अक्षरे छापली गेली होती. त्यानंतरच्या अगदी सुरुवातीच्या छापील नागरी मजकुरांत या साक्षीपत्राची गणना होते.