शिष्यवृत्ती नंतर येते, खर्च आधी!



बाबासाहेब परदेशात शिकले, हे आपण दर जयंतीला अभिमानाने सांगतो. ते तिथे कशावर जगले, हा हिशेब मात्र कुणी मांडत नाही.

१९१३ साली बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा ११.५ पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षे आणि बदल्यात संस्थानच्या नोकरीचा करार. न्यूयॉर्कमधले राहणे, खाणे, पुस्तके आणि घरी पाठवायचे पैसे, सगळे त्यातच. १९१७ साली शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. त्याच्या भरपाईच्या पैशांतून ते बडोद्याला नोकरीवर गेले. तिथे 'महार' म्हणून राहायला जागा मिळेना!

१९२० साली ते पुन्हा लंडनला गेले, ते सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे ५ हजारांचे कर्ज घेऊन. बुद्धी त्यांचीच होती, पण पाठीशी माणसे उभी राहिली.

आज बेलापूर-श्रीरामपूरच्या वस्त्यांतली मुले परदेशी शिष्यवृत्तीची स्वप्ने पाहतात. पण पासपोर्ट, प्रवेशाची अनामत, व्हिसा फी हा खर्च आधीच करावा लागतो. ऊसतोडीच्या मजुरीवर चालणारे घर तो कुठून करणार? पैशाअभावी जागा हुकते आणि आपण म्हणतो, 'पोरगं कमी पडलं.'

आमचे म्हणणे एवढेच : जयंतीच्या वर्गणीतला काही भाग डीजेवर न घालवता विहारात बिनव्याजी निधी उभारा. शिकून कमावते झालेल्याने तो परत भरावा. 'शिका' म्हणणाऱ्या समाजाने पहिला खर्चही उचललाच पाहिजे.