धाव ते टायर

निर्मल (पूर्वी आदिलाबादमध्ये, २०१६ पासून स्वतंत्र जिल्हा) लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध. मला मात्र कुतूहल तिथल्या महबूब घाटाचे; घाट चाकाची परीक्षा घेतो.

बैलगाडीच्या काळी लोहार चाकापेक्षा किंचित लहान लोखंडी धाव तापवून चढवी. निवताना ती आवळे. माप चुकले की चाक खिळखिळे. १८८८ साली डनलपने हवेचा टायर व्यवहारात आणला, तरी माप सुटले नाही.

बंद पडलेला ट्रक ओढणाऱ्या गाडीला टायर बदलताना पुढे सरळ रेघांचे घ्यावेत, मागे खोल खाचांचे. जोडचाकातले दोन्ही सारख्या उंचीचे हवेत; नाहीतर उंच टायरवर जास्त भार येतो, तो तापून फुटतो.

आपल्या अनमोड घाटातही हाच हिशेब. किमतीआधी माप बघा. उतारावर टायर फुटला तर मागची गाडीही सुटते.