कपाशीचे फूल आणि माणसाचा हात

वरवंडकर मंडळी, तुमच्या शिवारात ऊस, कांदा, ज्वारी. मग कपाशीचा इतिहास इथे कशाला? तर आम्ही सुरुवात ज्वारीपासूनच करतो.

१९६४ साली सीएसएच-१ ही संकरित ज्वारी आली. तिचे बी करताना फुले उकलत बसावे लागले नाही. मादी वाण नरवंध्य, म्हणजे त्याला कामाचा पराग नाही. शेजारच्या ओळीतला पराग वाऱ्याने आला, झाले काम.

कपाशीची गोष्ट वेगळी. १९७० मध्ये सुरतेला सी. टी. पटेल यांनी एच-४ दिला. व्यापारी लागवडीचा जगातला हा पहिला संकरित कापूस. १९७२ मध्ये धारवाडहून वरलक्ष्मी आली. पण कपाशीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही. संध्याकाळी कळी उकलून पुंकेसर नखाने काढायचे, सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग हाताने लावायचा. एकेक फूल!

सुटकेची वाट दिसत होती. १९७५ मध्ये अमेरिकेत व्हेस्टा मेयर यांनी हार्क्नेसी या रानकपाशीचा पेशीद्रव वापरून नरवंध्य कपाशी मिळवली. हे वंध्यत्व पेशीद्रवातले, म्हणून ते आईकडूनच उतरते. कांद्यात तेवढ्यावर भागते, कारण आपण गड्डा खातो. कापूस मात्र बियांवरच धरतो. बी नाही तर बोंड नाही. म्हणून शेतकऱ्याच्या पिकात पराग परत यायला हवा. तो परत आणणारे जनुकही त्याच रानकपाशीत सापडले. ते बापाकडून द्यायचे.

मग अडले कुठे? कपाशीचा पराग जड, चिकट. वाऱ्याने जात नाही. मधमाशी हवी, आणि शेतात तर फवारणी. म्हणजे खुडणे वाचले तरी पराग लावायला हात लागतोच. दुसरा मार्ग केंद्रकातल्या जनुकांच्या वंध्यत्वाचा. त्यावर १९७८ मध्ये कोइमतूरहून सुगुणा हा वाण आला. पण त्यात मादी ओळीतली निम्मी झाडे सुपीक निघतात, ती उपटावी लागतात.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, म्हणून ‘कारण’ या शब्दापाशी थांबतो. विज्ञान अपुरे होते म्हणून हाताने झाले, हे अर्धेच उत्तर. अमेरिकेत मजुरी महाग. तिथे जनुक हाती असूनही संकरित कापूस रुजला नाही. आपल्याकडे तो जनुकावाचून रुजला, कारण हात स्वस्त होते. आंध्र, गुजरातच्या बीजोत्पादनाच्या शेतांत त्यांतले कितीतरी हात शाळेच्या वयातल्या मुलींचे होते. संकरित कापसाच्या इतिहासात वाणांची नावे आहेत. या मुलींचीही नोंद त्याच पानावर व्हायला हवी, एवढेच आमचे म्हणणे.