जिवंत कुणाला म्हणायचं? नांदेडचा एक जुना दाखला

मोबाईलमधलं यंत्र आता माणसासारखं बोलतंय, म्हणून विष्णुपुरीत इंजिनिअरिंगची पोरं चहाच्या टपरीवर तावातावानं भांडतात : ह्याला जीव आहे की नाही? मंडळी, हा वाद आपल्या नांदेडला नवा नाही.

1708 साली इथं गोदाकाठी देह ठेवण्याआधी गुरू गोविंदसिंहांनी गुरुगादी कुण्या माणसाला दिली नाही, ग्रंथाला दिली. तेव्हापासून शिखांसाठी गुरू ग्रंथ साहिब म्हणजे हयात गुरू. पहाटे प्रकाश, रात्री सुखासन. ही नुसती श्रद्धेची गोष्ट म्हणून सोडू नका, पुढं ऐका. पंजाबात एका धर्मशाळेची जमीन सरकारी दप्तरात ग्रंथसाहिबांच्या नावावर लागली. विरोधक म्हणाले, ग्रंथाच्या नावावर जमीन कशी? हायकोर्टालाही ते पटलं. पण 2000 साली सुप्रीम कोर्टानं निकाल फिरवला : गुरू ग्रंथ साहिब ही कायद्यानं व्यक्ती आहे, जमीन धारण करू शकते. आणि हे मूर्ती म्हणून नव्हे (शीख धर्मात मूर्तिपूजा नाही), तर गुरू म्हणून.

आता नीट बघा. ग्रंथाला सुखदुःख कळतं का, हे कोर्टानं तपासलंच नाही. त्याच्या नावावरचं कुणी जपायचं, एवढाच प्रश्न होता. कंपनीचंही तेच की! तिला भूक लागत नाही, पण तिच्यावर दावा लावता येतो.

मग 2017 साल उजाडलं. मार्चमध्ये उत्तराखंड हायकोर्टानं गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला. राज्य सरकारच धास्तावलं. पुरात कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मागायची कुणाला, नदीला की तिचे पालक नेमलेल्या साहेबांना? जुलैत सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली. आणि ऑक्टोबरात सौदी अरेबियानं सोफिया नावाच्या रोबोला नागरिकत्व जाहीर केलं! नदी अडकली, बाहुली पास.

मला विचाराल तर ह्या यंत्राला जाणीव-बिणीव काही नाही. माणसांनी लिहिलेला ढीगभर मजकूर पचवून ते पुढचा शब्द जुळवतं. पण ग्रंथाच्या निकालानं एक दाखवून दिलंय, व्यक्ती ठरायला कायद्यापुढं जीव लागत नाही. भीती तिथं आहे. उद्या यंत्राच्या सल्ल्यानं कुणाच्या सोयाबीनवर भलतीच फवारणी झाली, तर बनवणारी कंपनी हात वर करील : ते स्वतंत्र आहे, त्यालाच विचारा. ग्रंथाला व्यक्ती केलं ते त्याची जमीन राखायला. इथं मात्र मालक सुटायला!

आणि आपली गोदामाय? विष्णुपुरीच्या जलाशयातून नांदेड पाणी पितं, आणि खाली शहरात नाले तिच्यातच सोडतं. घाटावर बाया तिची ओटी भरतात, म्हणजे त्यांच्या लेखी ती जिवंतच. नाशिकला गोदेच्या प्रदूषणासाठी लोक 2012 सालीच हायकोर्टात गेले. आपल्याकडून तिचा वकीलनामा कोण भरतंय, नावं कमेंटमध्ये सांगा.