कॉम्प्युटरच्या माइकवर घरबसल्या चांगला आवाज कसा रेकॉर्ड करायचा?

यूट्यूब व्हिडिओला आवाज द्यायचा असो, मुलाखतीसाठी ऑडिओ पाठवायचा असो की आजीकडून जुन्या ओव्या ऐकून जपून ठेवायच्या असोत, महागडा स्टुडिओ लागतोच असं नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या आणि त्यातल्या कित्येक बायांच्या आवाजातच रेकॉर्ड केल्या. आज आपल्याकडे निदान एक लॅपटॉप तरी असतो. तेव्हा कळमेश्वरसारख्या ठिकाणच्या साध्या घरात हे काम नीट कसं जमवायचं, ते बघूया.

1. आधी खोली, मग माइक

रेकॉर्डिंग बिघडतं ते बहुतेक वेळा खोलीमुळे. रिकाम्या भिंती, फरशी आणि टिनाचं छत असलं की आवाज आदळून परत येतो आणि घुमल्यासारखा वाटतो. म्हणून गाद्या, गोधड्या, कपड्यांनी भरलेलं कपाट आणि जाड पडदे असलेली खोली निवडा. बोलणाऱ्याच्या मागे गोधडी टांगली तरी फरक लगेच कळतो.

उन्हाळ्यात आपल्याकडचा मोठा शत्रू म्हणजे कूलर. त्याचा पंखा आणि पाण्याचा पंप सतत आवाज करतात. रेकॉर्डिंगपुरता, दहा-पंधरा मिनिटं, तो बंदच ठेवा. पहाटे रेकॉर्ड केलं तर उकाडाही कमी आणि गोंगाटही. कळमेश्वर नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे. स्टेशनजवळ घर असेल तर गाडी जाईपर्यंत थांबा आणि ते वाक्य पुन्हा म्हणा. कूलरसारखा एकसुरी आवाज सॉफ्टवेअरने कमी करता येतो, पण गाडीचा किंवा हॉर्नचा बदलता आवाज नीट काढता येत नाही.

2. कोणता माइक वापरायचा?

- लॅपटॉपचा आतला माइक: चालतो, पण तोंडापासून लांब असतो आणि लॅपटॉपच्या पंख्याचा आवाजही पकडतो.
- वायरचा इअरफोन: बऱ्याचदा आतल्या माइकपेक्षा बरा. डेस्कटॉपला दोन वेगळी भोकं असतील तर गुलाबी रंगाचं माइकचं. मोबाईलच्या इअरफोनची एकच पिन अशा ठिकाणी थेट चालत नाही, छोटा स्प्लिटर लागतो.
- यूएसबी माइक: बजेट असेल तर हाच घ्या. लावला की सुरू.
- ब्लूटूथ इअरबड: शक्यतो टाळा. माइक सुरू झाला की ब्लूटूथ बहुतेक वेळा कॉलच्या मोडमध्ये जातं आणि आवाज फोनवर बोलल्यासारखा येतो.

माइक तोंडापासून साधारण एक वीत लांब ठेवा. अंतर निम्मं केलं की तुमचा आवाज सुमारे 6 डेसिबलने वाढतो, खोलीतला गोंगाट मात्र तेवढाच राहतो. फार जवळ गेलात तर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना फुंकर बसते, म्हणून माइक तोंडासमोर न ठेवता जरा बाजूला ठेवा.

3. विंडोजमधली सेटिंग

1. सेटिंग्ज > सिस्टम > साउंड इथे इनपुटमध्ये तुमचा माइक निवडा.
2. प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी सुरू आहे ना, ते बघा.
3. ‘मायक्रोफोन बूस्ट’ फार वाढवू नका, त्याने खरखरही वाढते.

लॅपटॉप चार्जिंगला असताना ‘घूंऽऽ’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढून बघा. घरातलं अर्थिंग नीट नसलं की असं होतं.

4. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात मोनो आणि 44100 हर्ट्झ ठेवा. बोलण्यासाठी स्टिरिओची गरज नसते.

1. नेहमीच्या आवाजात बोलून चाचणी घ्या. मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान हवं. 0 ला लागलं की आवाज फाटतो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही.
2. रेकॉर्ड दाबल्यावर पहिले पाच सेकंद अगदी गप्प राहा.
3. बोलून झाल्यावर तेवढा गप्प भाग निवडा, इफेक्टमधल्या ‘नॉइज रिडक्शन’मध्ये ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा.
4. आता पूर्ण रेकॉर्डिंग निवडून तोच इफेक्ट लावा. 6 ते 12 डेसिबल पुरे. जास्त केलं की आवाज पाण्यातून आल्यासारखा होतो.

5. सेव्ह करताना

मूळ फाइल डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवा. 16 बिट मोनोमध्ये मिनिटाला सुमारे 5 एमबी जागा लागते. पाठवण्यासाठी वेगळी एमपी3 बनवा. व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशीच पोहोचते.

हात बसला की मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ प्रकल्पातही तुमचा आवाज देता येतो. 2017 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात मराठीही आहे. मोबाईलला मराठी बोलणं समजावं, तर त्याला आपल्या भागातले आवाजही ऐकायला मिळायला हवेत. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं रेकॉर्डिंग उद्यावर टाकू नका. माइक पुढच्या वर्षीही घेता येईल, त्यांचा आवाज मात्र आजच टिपून ठेवा.